आठव्या वर्षाचा फुलोरा

चीन देशातील लोयांग या प्राचीन नगरात दर साली एप्रिल महिन्यात पिओनी नामक फुलांचा मोठा उत्सव भरतो. १९८३ सालापासून त्यास नगराच्या अधिकृत उत्सवाचे रूप आले असून त्या दिवसांत तेथील उद्यानांतून माणसांचा पूर लोटतो. पिओनीचे फूल आपल्या भरगच्च गुलाबाहूनही मोठे. आणि त्याचे झाड एकदा मूळ धरून बसले म्हणजे पन्नास पन्नास वर्षे त्याच जागी दर वसंतात फुलत राहते. यंदा पाहावयाचे चुकले तर पुढील साली पाहता येते. भूगोलाच्या तासास ही हकिगत आम्ही सांगत असता आठवीतील एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, "सर, हे फूल आपल्याकडे का लावीत नाहीत?" उत्तर कठीण नव्हते. पिओनीच्या कळीस जाग यावयास आधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. हिमालयाच्या पश्चिम भागात तिची एक रानटी जात आढळतेही; परंतु आमच्या बोरिवलीस हिवाळा म्हणजे रात्री पंखा एका अंकाने कमी करण्याचे दिवस. तेवढ्या थंडीने पिओनीची झोप पुरी व्हावयाची नाही.

परंतु प्रश्नाने आमचे मन निराळ्याच वाटेस लागले. ज्या फुलाचा मोसम आपल्या दाराशी येतो, आणि दर साली नव्हे तर आठ वर्षांतून एकदाच येतो, त्याची माहिती आपल्या विद्यार्थ्यांस लोयांगच्या पिओनीइतकी तरी आहे काय? वर्गात विचारून पाहिले. चाळीसांपैकी सहा जणांनी कारवी हे नाव ऐकले होते. प्रस्तुत लेख उरलेल्या चौतिसांसाठी, व त्यांच्या घरच्या मंडळींसाठीही आहे.

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस थोडे चालत गेले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. सुमारे १०३ चौरस किलोमीटरांचे हे अरण्य पश्चिमेकडील गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली व पूर्वेकडील भांडुप, मुलुंड, ठाणे यांच्या मधोमध पसरले आहे. जगातील एवढ्या दाट वस्तीच्या नगरांपैकी फार थोड्यांच्या पोटात असे रान असेल. १८६० साली बांधून पुरा झालेला विहार तलाव व त्याचा शेजारी तुळशी तलाव यांच्या पाणलोटाचे रक्षण हेच रान करते, आणि कान्हेरीची शंभराहून अधिक लेणीही याच्याच कुशीत आहेत. लेणी पाहण्यास सहली जातात. परंतु लेण्यांच्या माथ्यावर व सभोवतालच्या उतारांवर जी पुरुषभर उंचीची, ओबडधोबड पानांची झुडपे दाटीने उभी असतात, त्यांकडे ढुंकूनही कोणी पाहत नाही. तीच कारवी होय.

कारवीचे कूळ आपणांस अगदी परके नाही. खोकल्यास ज्याचा काढा देतात तो अडुळसा, वेणीत माळतात ती अबोली, व कुंपणाशी फुलणारी कोरांटी ही तिची भावंडे. पान वीतभर लांब, काठ दातेरी, हाताला खरखरीत; शिरा एकीशेजारी एक अशा ठसठशीत की शिरांचे चित्र काढण्याचा सराव करावा तर याच पानावरून. पावसाळा आला की साऱ्या झुडपास नवी पालवी फुटते आणि डोंगर हिरवा होतो. पाऊस सरला की पाने पिवळी पडून गळतात, व फाल्गुन-चैत्रात गेल्यास नुसत्या काटक्या दिसतात. नवख्यास वाटावे, हे रान मेले. पुढील पावसात पुन्हा पालवी. असे एक वर्ष, दोन वर्षे, सात वर्षे चालते. या सात वर्षांत कारवीला फुलांचा बहर येत नाही.

मग आठव्या वर्षी, श्रावण उतरणीस लागला की शेंड्यांशी व फांद्यांच्या बेचक्यांतून तुरे निघू लागतात. भाद्रपदात एकेका तुऱ्यावर जांभळी, निळसर, क्वचित गुलाबी झाक असलेली फुले उमलतात. तुरा हाताला किंचित चिकट लागतो व त्यास उग्रसा वास असतो. तेव्हा सुवासाच्या आशेने नाक जवळ नेणाऱ्याची थोडी निराशा होते, हे आधीच सांगून ठेवतो. परंतु एका फुलाची मातब्बरी येथे नाहीच. एका झुडपाशेजारी दुसरे, त्याशेजारी तिसरे, असा सबंध उतार एकाच वेळी फुलतो. ज्या डोंगराच्या बाजूने आपण रोज लोकलने जातो, तो डोंगर पाच-सहा आठवडे निळसर जांभळा असतो आणि डब्यातील माणसे भ्रमणध्वनीत मान घालून बसलेली असतात.

आमच्या उपनगराच्या रानात हा फुलोरा २०००, २००८, २०१६ व २०२४ साली आला. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही आठवी व नववीचे विद्यार्थी घेऊन रीतसर परवानगीने व वाटाड्यासह गेलो होतो. वाटाडे उद्यानातीलच एका पाड्यावर वाढलेले, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. मुलांनी त्यांस पाच मिनिटांत 'काका' करून टाकले. पाऊस नुकताच थांबला होता. वाट निसरडी, मुलांचे बूट चिखलाने भरलेले, आणि पुढे काही दिसत नव्हते; कारण दोहो बाजूंस कारवी डोक्यावरून वर गेली होती. प्रथम कानांना कळले. गुणगुण असे तिला म्हणता येणार नाही. गिरणीच्या पट्ट्यासारखा एकसारखा घों घों आवाज होता. एक मुलगा घाबरून म्हणाला, "काका, पोळं उठलं का?" काका हसून म्हणाले, "नाय रे बाळा, जेवायला बसल्यात त्या." खरोखरच प्रत्येक तुऱ्यावर मधमाशा होत्या, आणि त्यांच्यामधून फुलपाखरे वाट काढीत होती. कारवीचा मध नेहमीच्या मधाहून गडद व दाट असतो. महाबळेश्वराकडे तर त्यास विशेष मान आहे. आठ वर्षांतून एकदा वाढलेले ते पान माशांनी सोडावे तरी का?

याच सहलीत एक गोष्ट घडली, ती लिहावी की न लिहावी असा विचार करून शेवटी लिहीत आहोत. परतताना आमच्यातील एकाच्या दप्तरातून जांभळा तुरा डोकावताना काकांनी पाहिला. मुलाने आईसाठी तो तोडला होता. हेतू वाईट नव्हता, आणि हे काम त्याने लपूनही केले नव्हते. काका रागावले नाहीत. त्यांनी तुरा हातात घेतला, एकेक फूल बोटाने दाखविले आणि म्हणाले, "आंबा तोडला तर झाड पुढल्या साली परत देतं. ह्या झाडाला पुढलं साल नाय." मुलगा गप्प झाला. दोष खरे पाहता आमचा होता. निघण्यापूर्वी फुले तोडू नका एवढे आम्ही बजावले होते. का तोडू नयेत, हे सांगितले नव्हते.

ते कारण असे. कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. आपल्या परिचयाचे उदाहरण केळीचे आहे. घड पिकला की तो खुंट संपतो. फळ पिकताच जिचा अंत होतो त्या वनस्पतीस संस्कृत कोशकार 'ओषधी' म्हणत, व त्यात भात, गहू अशी वर्षायू धान्ये मोडत. त्यांचा संसार एका वर्षात आटोपतो. कारवी सात वर्षे केवळ शिदोरी साठविते व आठव्या वर्षी ती सारी एका फुलोऱ्यावर खर्चून टाकते. फुले गळाल्यावर तुऱ्यांवर फळे धरतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात ती झुडपावरच वाळतात. पुढील पावसाचा ओलावा लागला की वाळलेले फळ तडकन फुटते व आतील बी दूर उडते. त्या दिवसांत रानात उभे राहिल्यास चटचट असा आवाज ऐकू येतो. खेळाच्या मैदानाच्या कडेस जांभळ्या फुलांचे एक तण वाढते, ज्याच्या वाळक्या शेंगा पाण्यात टाकून फोडण्यात आपले पाचवीतील वीर मधली सुट्टी घालवितात. ते तण कारवीच्याच कुळातले. तेव्हा कारवीची युक्ती पाहावयास अरण्यात जावेच लागते असे नाही.

सर्व झुडपांनी एकाच वर्षी फुलावे, यात लाभ कोणता? विद्वानांचे एक मत असे की हा भक्षकांशी खेळलेला डाव आहे. दर साली थोडे थोडे बी पडले तर उंदीर, पाखरे व किडे ते सगळे फस्त करतील. सात वर्षे काहीच न देता आठव्या वर्षी एकदम डोंगरभर बी ओतले, तर खाणाऱ्यांची पोटे भरूनही पुष्कळ उरते. बांबूच्या सामुदायिक फुलण्याची मीमांसाही अशीच करतात. अमेरिकेत तेरा किंवा सतरा वर्षे जमिनीखाली राहून एकदम कोट्यवधींनी वर येणारे सिकाडा नावाचे किडे आहेत. योगायोग पाहा, आपली कारवी फुलली त्याच २०२४ साली त्यांच्या तेरा वर्षांच्या एका व सतरा वर्षांच्या एका टोळीने एकदम डोके वर काढले. त्या दोन टोळ्यांची अशी गाठ २२१ वर्षांपूर्वी, १८०३ साली पडली होती. तेरा व सतरा यांचा लघुतम साधारण विभाज्य काढून पाहावा, म्हणजे गणिताच्या तासास हा भाग का शिकवितात याचे एक उत्तर मिळेल. मात्र झाड वर्षे मोजते कशी, याचा पूर्ण उलगडा शास्त्रास अद्याप झालेला नाही.

कारवीचे भाऊबंद निरनिराळ्या मुदतीचे आहेत. केरळात मुन्नारनजीक एराविकुलमच्या डोंगरांवर नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. २००६ व २०१८ साली ती फुलली. दक्षिणेकडील पळियन लोक आपले वय तिच्या फुलोऱ्यांनी मोजीत, असे सांगतात. जपानच्या ओकिनावा बेटावर सहा वर्षांची एक जात आहे. साताऱ्याच्या कास पठारावर टोपलीच्या आकाराचे झुडूप असलेली टोपली कारवी आहे. आणि एकाच कारवीचे घड्याळही सर्व सह्याद्रीत सारखे नसते. बोरिवलीचा डोंगर ओका असताना घाटावरील एखादा डोंगर फुललेला असतो, आणि अधूनमधून एखादे चुकार झुडूप भलत्याच वर्षी फुलून बसते. वर्गात नेहमी एक विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी शाळेत येतोच, त्यातलाच हा प्रकार.

या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन एकोणिसाव्या शतकात नेस या जर्मन पंडिताने केले. पुढे १९४४ साली ब्रेमेकाम्प या डच शास्त्रज्ञाने तिच्यासाठी निराळी प्रजाती मानली आणि तिला नाव दिले 'कार्व्हिया'. म्हणजे आपल्या मावळच्या व कोकणच्या गुराख्यांच्या तोंडचा शब्द लॅटिनचा अंगरखा घालून जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसला. आठ-आठ वर्षांचा हिशेब मागे नेल्यास १९४४ हेही फुलोऱ्याचेच वर्ष ठरते. परंतु इतक्या मागच्या काळाविषयी नुसत्या गणितावर विसंबणे बरे नव्हे. त्यास त्या त्या वर्षी डोंगरावर गेलेल्या माणसाची नोंद पाहिजे.

अशी नोंद ठेवणाऱ्यांत फादर सांतापाव यांचे नाव घेणे अगत्याचे आहे. हे मूळचे स्पेन देशाचे (१९०३–१९७०). मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले, व पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याचे ते संचालक झाले. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांचा ग्रंथ आहे, आणि १९६२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी कारवीच्या वर्गाच्या व बांबूच्या सामुदायिक फुलोऱ्यावर लेख लिहिला. आम्हांस त्यांचे विशेष वाटते ते एका साध्या हिशेबामुळे. मनुष्य एका ठिकाणी तीस वर्षे राहिला तरी त्या ठिकाणची कारवी त्यास तीनदा, फार तर चारदा फुललेली दिसणार. गुलाबाचा अभ्यास करणारा तेवढे तीन हंगामांत पाहून मोकळा होतो. कारवीच्या अभ्यासकास मधली वर्षे वहीच सांभाळावी लागते.

फुलाखेरीजही कारवीचे उपकार आहेत. तिची मुळे चढणीवरील माती धरून ठेवतात; मुसळधार पावसात डोंगराचा गाळ खाली तलावात वाहून येत नाही, त्यात तिचा वाटा मोठा. वारली लोक कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधून घराचा कूड उभा करतात व त्यावर शेणमातीचा लेप देतात. ज्या वारली चित्रांच्या चौकटी आज मोठमोठ्या दिवाणखान्यांत टांगलेल्या दिसतात, ती चित्रे मुळात तांदळाच्या पिठाने याच कुडावर काढलेली असत. घराच्या भिंतीत कारवी आणि भिंतीवर नाचणारी माणसे, असा तो संसार होता.

आता आमच्या मनातील खरी काळजी. फुलोऱ्याच्या वर्षी कारवीला मित्रांची वाण नसते. वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात, सहली निघतात, ज्यांनी कधी डोंगर चढला नाही असे लोकही धापा टाकीत वर जातात. उत्तमच आहे. परंतु कारवीवर संकट येते ते फुलांच्या वर्षी थोडे आणि इतर वर्षी फार. फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात, बी वाळून झुडपावर लटकत असता, कोणाच्या विडीच्या थोटकाने वणवा लागला तर सात वर्षांची शिदोरी एका दुपारी जळून जाते. त्यानंतरच्या पावसाळ्यात रोपे बोटाएवढी असतात. वाट सोडून चालणाऱ्याच्या पायाखाली ती येतात आणि त्यास ते कळतही नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती पानगळीनंतर काटक्यांचे जंजाळ दिसतात, आणि 'हे निरुपयोगी झुडूप' असे म्हणून कोयता चालविणे सोपे होते. फुलांनी भरलेल्या झुडपावर कोयता उचलावयास माणूस कचरतो. काटकीवर कोणी कचरत नाही.

२०२५ च्या भाद्रपदात आम्ही त्याच वाटेने पुन्हा गेलो, या वेळी अवघे अकरा जण. त्याच काकांना बरोबर घेतले होते. या रानात बिबट्यांचा वावर आहे. तेव्हा वाटाड्याविना किंवा आडवाटेने कोणीही, मोठ्या माणसानेही, जाऊ नये. मागल्या वर्षी जेथे डोक्यावर फुले होती तेथे आता करडे, मेलेले दांडे उभे होते व कित्येक आडवे पडले होते. मुलांचे चेहरे उतरले. तेव्हा काकांनी गुडघ्यावर बसून ओला पालापाचोळा दोन बोटांनी बाजूस सारला. खाली दातेरी काठांची इवली पाने होती. एक, दोन, मग जिकडे पाहावे तिकडे. मागील सहलीत तुरा तोडणारा मुलगा या वेळीही आला होता. त्याने आखणीची पट्टी काढली व वाटेच्या कडेच्या एका रोपाची उंची मोजली. ती चार सेंटिमीटर भरली.

या रोपांचा फुलोरा २०३२ साली अपेक्षित आहे. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीत बसलेली बालके तेव्हा आठवीत असतील. ज्यांनी २०१६ चा फुलोरा पहिलीत किंवा दुसरीत असताना पाहिला त्या दोनच तुकड्यांस शाळा सोडण्यापूर्वी तो दुसऱ्यांदा पाहावयास मिळाला. इतरांच्या वाट्यास दहा वर्षांत एकदाच येतो. सांप्रत दहावीत असलेले आपले विद्यार्थी तेव्हा महाविद्यालयातून बाहेर पडलेले असतील आणि कोठे कोठे पांगलेले असतील.

शाळेच्या विज्ञानकक्षात आता एक जाड पुठ्ठ्याची वही ठेवली आहे. दर साली भाद्रपदात एक तुकडी त्याच वाटेने जाईल, त्याच वळणावरील वाटेलगतची दहा रोपे मोजील, आणि तारीख, उंची, पानांची संख्या व पावसाचे मान लिहील. रोप उपटावयाचे नाही, पान तोडावयाचे नाही. पालकवर्गास विनंती अशी की आपल्यापाशी २००८ किंवा २०१६ सालच्या कारवीची छायाचित्रे असल्यास त्यांची एक प्रत, जागा व तारीख मागे लिहून, मुलांबरोबर पाठवावी; आजी-आजोबांस त्याहून जुना फुलोरा स्मरत असेल तर ती आठवण चार ओळींत लिहून दिली तरी चालेल. मुलुंड, भांडुपच्या बाजूने डोंगर पाहिलेल्यांच्या आठवणी आम्हांस विशेष हव्या आहेत, कारण आमच्या साऱ्या नोंदी बोरिवलीकडील आहेत. वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ आहे: रोप क्रमांक १, वाटेच्या डाव्या बाजूस, उंची ४ सेंटिमीटर, पाने ४.